पप्पा, घरात कसलं बी चालतंय व्हय?

प्रश्न कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वडिलांचा आहे. त्यांचं छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. तिथं घडणाऱ्या सुट्या भागाला 'जॉब' म्हणतात, आणि त्याचं माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात बघतात. मुलगा नववीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

"मुलगा हल्ली उलट बोलतो. जेवताना मोबाईल ठेव म्हटलं की म्हणतो, तुम्ही आधी ठेवा. गेल्या महिन्यात उधारीच्या वसुलीला एक जण दारात आला. मी मुलाला म्हटलं, पप्पा घरात नाहीत म्हणून सांग. त्यानं सांगितलं. चार दिवसांनी क्लास बुडवून खोटं बोलला म्हणून मी त्याला झापलं, तर म्हणाला, 'कारखान्यात जॉब वीस मायक्रॉननं वाढला तर परत मशीनला लावाय सांगताय. घरात कसलं बी चालतंय व्हय?' माझा हात उठला, पण मारलं नाही. तेव्हापासून तो कामापुरतंच बोलतो. आम्ही आमच्या वडिलांपुढं कधी मान वर केली नाही. ह्या पोराला कसं समजवायचं?"

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, ते त्या वीस मायक्रॉनसाठी. कोल्हापुरात २२ वर्षं मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलण्याचं काम करते आहे. एवढी नेमकी तक्रार क्वचितच कानावर आली.

तुम्हाला ते वाक्य उद्धट वाटलं, आणि सूर उद्धट असेलही. पण त्याच्या आत काय आहे ते बघा. हा मुलगा सुट्टीत कारखान्यात येऊन बसलेला आहे. तुम्ही मायक्रोमीटर कसा धरता, रीडिंग बघून एक शब्द न बोलता जॉब बाजूला कसा ठेवता, गिऱ्हाइकाला कळलंही नसतं असा माल परत मशीनला कसा लावता, हे सगळं त्यानं बघितलंय. आणि त्याला त्याचा अभिमान आहे. अभिमान नसता तर भांडणाच्या भरात ते उदाहरण तोंडात आलंच नसतं. त्या वयाच्या पोराला वडिलांवर डाफरायला शंभर गोष्टी सापडतात. ह्यानं तुमची सगळ्यात चांगली गोष्ट उचलली आणि तिनंच तुम्हाला मोजलं. म्हणून ते एवढं लागलं.

आदर्श म्हटलं की आपण भिंतीवरच्या फोटोकडं बघतो. आपल्या गावात तर शाहू महाराजांचा फोटो नाही असं दुकान सापडणं कठीण, आणि मुलांना 'महाराजांचा आदर्श ठेव' असं सांगणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. पण महाराजांची कुठली गोष्ट कोल्हापूर अजून चवीनं सांगतं? गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची. अस्पृश्य मानलेल्या माणसानं काढलेल्या हॉटेलात कोण चहा प्यायला जाणार, असा प्रश्न होता. महाराज स्वतः तिथं गेले, सगळ्यांदेखत चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. हुकूम तर त्यांनी पुष्कळ काढले होते. लोकांच्या तोंडी राहिला तो कप. तुमच्या मुलाला ही गोष्ट शाळेपासून माहीत आहे, आणि तो तुमच्याकडंही नेमकं हेच बघतोय.

आता वयाचं. 'मुलं बघून शिकतात' हे आपण सगळेच म्हणतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये स्टॅनफर्डला ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी नंतर बाहुलीला तसंच बडवलं. पण ती मुलं तीन ते सहा वर्षांची होती. त्या वयात मूल नक्कल करतं, पटलं-न पटलं हा प्रश्नच नसतो. तुमचाही पाच वर्षांचा असताना तुमच्यासारखा कानामागं पेन्सिल खोचून फिरला असेल. अकरा-बाराच्या पुढं डोक्यात वेगळंच यंत्र सुरू होतं. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी ते नीट मांडलंय: जे आहे त्याच्या शेजारी जे असायला हवं ते ठेवून बघण्याची ताकद मुलाला येते. गणितात बीजगणित जमू लागतं ते त्याच ताकदीवर, आणि घरात बापाची चूक दिसू लागते तीही त्याच. फी भरून पहिली ताकद वाढवायची आणि दुसरीवर चिडायचं, असं चालत नाही.

आणखी एक प्रयोग मी पालकांना सांगते. १९७० मध्ये जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी केलेला. शाळकरी मुलांसमोर मोठं माणूस दानधर्माबद्दल छान बोलायचं पण स्वतः द्यायचं नाही, किंवा उलट, देऊ नये असं बोलायचं पण स्वतः द्यायचं. मुलांनी किती दिलं ते मोठ्यानं काय केलं त्यावर ठरलं. भाषणाचा देण्यावर फारसा परिणाम झाला नाही. हे ऐकून पालक मान डोलावतात आणि घरी जाऊन भाषण देतात. मीही दिलेली आहेत.

तुम्ही लिहिलंय, आम्ही वडिलांपुढं मान वर केली नाही. खरं आहे. पण म्हणून वडिलांच्या चुका दिसल्या नव्हत्या का? पन्नाशीचे पुरुष माझ्यासमोर बसून वडिलांच्या चुका तारीखवार सांगतात. कुठल्या पाडव्याला काय कबूल केलं होतं आणि काय झालं, आईला कुणादेखत काय बोलले, सगळं. मान खाली होती, पण डोळे उघडेच होते. तेव्हा बोलायची सोय नव्हती म्हणून तो हिशेब पोटात राहिला. तुमचा मुलगा तोंडावर बोलला, म्हणजे बोलून काही होईल असं त्याला अजून वाटत होतं. मला काळजी असते ती न बोलणाऱ्यांची. 'सोडा हो मॅडम, त्यांचं असंच असतंय' असं सोळा वर्षांचं पोर शांतपणे म्हणतं तेव्हा समजायचं, ह्यानं वडिलांकडून अपेक्षा काढून घेतली. तुमचा अजून तिथं पोचलेला नाही, पण कामापुरतंच बोलतो म्हणजे रस्ता तोच. लवकर हलायला हवं.

मुलांना नक्की काय हवं असतं? मी एक साधं काम देते. कागदाच्या एका बाजूला, घरातल्या मोठ्यांबद्दल मित्राला अभिमानानं सांगावी वाटेल अशी एक गोष्ट. मागच्या बाजूला, मित्रापासून लपवावी वाटेल अशी एक. नाव लिहायचं नाही. पालकांना वाटतं मागच्या बाजूला गरिबी येईल, जुनी गाडी येईल, भाड्याचं घर येईल. पैशाचं फार कमी येतं. येतं ते असं: पप्पा पाहुण्यांसमोर आईला 'तुला काय कळतंय' म्हणतात. आजीच्या तोंडावर गोड आणि स्वयंपाकघरात वेगळं. घरात बसून फोनवर 'शिरोलीत आहे, तासाभरात पोचतो'. पेठेतल्या एका फुटबॉलवेड्या पोरानं लिहिलं होतं, 'शाहू स्टेडियमवर येतो म्हणाले होते. तीन वेळा.' एवढंच, खाली काही नाही.

आणि पुढच्या बाजूला? तिथं डिग्री, फ्लॅट असलं काही नसतं. पुराच्या वेळी पप्पांनी शेजारच्या आजीला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. आई हिशेबात दहा रुपये जास्त आले तरी परत देते. आबा रोज पहाटे उठून म्हशीचं बघतात, ताप असला तरी. बारक्या गोष्टी, पण रोज दिसणाऱ्या.

मुलींचं जरा निराळं असतं आणि तिथं आया गाफील राहतात. वडिलांची चूक मुलगी बघतेच, पण आईकडं ती जास्त बारकाईनं बघते, कारण पुढं आपलं काय होणार याचा अंदाज ती आईवरून बांधत असते. गडहिंग्लजकडची एक दहावीतली मुलगी माझ्याकडं यायची. तिची आई मोठ्या कौतुकानं सांगायची, मी हिला एकच शिकवलंय, स्वतःच्या पायावर उभी राहा, कुणाचं ऐकून घेऊ नको. मुलगी म्हणाली, "आई सगळ्यांना तव्यावरची भाकरी वाढते आणि सगळ्यात शेवटी गार झालेली खाते. एकदा मी म्हटलं, आज तू आधी बस. तर मला ओरडली, बाईमाणसाला शोभतं का म्हणून. मग मी नक्की कसं उभं राहू?" आईला मी काही बोलले नाही, बोलायला काही उरलंच नव्हतं. पुढच्या वेळी मुलीनंच सांगितलं की आता आठवड्यातून दोन दिवस वडील आणि ती मिळून वाढतात आणि आई पहिल्या पंगतीला बसते. भाकरी वडिलांना जमत नाही, ते चपाती भाजतात, करपवतात.

तुमच्याकडं येते. दारातल्या माणसाला 'घरात नाहीत' म्हणायला लावणं, ही मोबाईलपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि तुम्ही पत्रात ती जाता जाता लिहिलीय. जेवताना फोन बघणं तुमची स्वतःची सवय झाली. इथं मात्र तुम्ही त्याचं तोंड वापरलंत. शिवाय तो दारात उभा राहून त्या माणसाच्या डोळ्यात बघून खोटं बोलला, आणि त्या माणसाला ते खोटं आहे हे बहुतेक कळलं असणार. म्हणजे लाज तुमची, आणि ती त्याच्या वाट्याला आली. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही त्याला खोटं बोलल्याबद्दल झापलंत. त्यानं त्या माणसाचा विषय काढला नाही, मायक्रॉनचा काढला. मला तर त्यात थोडी भीडच दिसते.

त्याच्याशी काय बोलायचं? लांबण लावू नका. जेवणाच्या ताटावर नको, आईसमोर नको. गाडीवर मागं बसलेला असताना किंवा रंकाळ्याच्या कठड्यावर, दोघंही समोर बघत असताना बोलायला सोपं जातं. मुलग्यांच्या बाबतीत तर नक्कीच, डोळ्यात डोळे घातले की त्यांना उलटतपासणी वाटते. एवढंच म्हणा: "त्या दिवशी तुला खोटं बोलायला लावलं, ते चुकलं. त्याचे पैसे थकलेत, माझी दोन बिलं अडकलीत, मला तोंड दाखवायची लाज वाटली. परत तुला असं सांगणार नाही." झालं. 'पण तूसुद्धा क्लास बुडवलास' हे त्याच वाक्याला जोडू नका. जोडलंत की माफी गेली आणि सौदा झाला. क्लासचं दोन दिवसांनी वेगळं काढा, आणि काढाच, सोडून देऊ नका.

इथं वडील लोक हमखास विचारतात, अशी चूक कबूल केली तर पोरगं डोक्यावर बसणार नाही का? माझा अनुभव उलटा आहे. चूक मान्य केल्यानं नियम जात नाही, नियम दोघांना लागू आहे हे दिसतं. मानसशास्त्रज्ञ डायना बाऊमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याचा अभ्यास केला. त्यात कडक आणि लाडावणारे यांच्यापेक्षा वेगळा एक गट निघाला: शिस्त पक्की, पण कारण सांगणारे आणि मुलाचं ऐकणारे. त्यांची मुलं जास्त जबाबदार आणि स्वतःच्या बळावर चालणारी दिसली. शिस्त सोडा असं कुणीच म्हणत नाहीये.

आणि मुलगा म्हणतो ते सगळंच बरोबर, असंही समजू नका. ह्या वयाची पोरं एक चलाखी करतात: तुम्ही बारापर्यंत जागता, मग मी का नाही? तुम्ही गाडी चालवता, मग मी का नाही? इथं बिनधास्त नाही म्हणा. काही नियम वयाचे असतात. झोप, गाडी, फोनचे तास यात मोठ्यांचं आणि मुलांचं एक नसणारच. गाडीच्या बाबतीत तर जास्तच जपा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं वाहनाचा गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्याकडं ही रीत जुनीच म्हणायची. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हाही मूल शाळेत आलं नाही तर महिन्याला १ रुपया दंड पालकालाच होता. वयाचे नियम सोडून बाकीचे, म्हणजे खरं बोलणं, घेतलेलं परत करणं, घरातल्या बाईमाणसाशी आणि हाताखालच्या माणसाशी बोलायची रीत, हे मात्र वयावर नसतात. तिथं 'मी मोठा आहे' हे उत्तर चालत नाही आणि मुलांना ते बरोबर कळतं.

मधेच लटकणाऱ्याही काही गोष्टी असतात. तंबाखू, मावा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण कारखान्यांच्या भागातून येणाऱ्या दर दुसऱ्या घरात हा विषय असतो म्हणून सांगते. सुटत नसेल तर 'सुटत नाही, अठरा वर्षं झाली, तू ह्या फंदात पडू नको' हे खरं सांगणं, दाराआड लपून खाण्यापेक्षा बरं. वास येतोच. पण मुलाला टपरीवर आणायला पाठवू नका. १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि तो नियम तुमच्यासाठी मोडायला तुम्ही त्यालाच पाठवत असता.

माझं स्वतःचंही सांगते, नाहीतर मी तुम्हाला फार शहाणी वाटेन. मुलगी तेरा वर्षांची होती. कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजी घेतली, सुट्ट्याच्या गडबडीत मावशींनी पन्नासची नोट जास्त दिली. घरी आल्यावर कळलं. मुलीसमोर म्हटलं, उद्या देऊ परत. उद्या पाऊस, परवा कार्यशाळा. आठ दिवसांनी मुलीनं विचारलं, "दिलेस का पन्नास?" मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. म्हटलं, "तुला अभ्यासाचं एवढं लक्षात राहत नाही." बघा, शिकवलेलं सगळं असतं, पण आपलं पोर आपलंच माप लावतं तेव्हा पहिला येतो तो रागच. पैसे दुसऱ्या दिवशी दिले, तिला बरोबर घेऊन. मावशींना काही आठवतही नव्हतं. त्यांनी मुलीच्या हातात कोथिंबिरीची जुडी ठेवली. मुलगी वाटेत एक शब्द बोलली नाही, मीही नाही. पण तो रागाचा क्षण मला अजून आठवतो, म्हणून तुमचा हात उठला हे वाचून मला धक्का बसला नाही. खाली आला हे मोठं. तेही त्याला दिसलंय.

दोन चुका टाळा. घोषणा करू नका. 'आजपासून घरात मोबाईल बंद' असं पाडव्याला जाहीर करणारी घरं मी बघते, भाऊबीजेला सगळे आपापल्या कोपऱ्यात. न सांगता जेवायच्या वेळी फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावा. गिऱ्हाइकाचा फोन येणार असेल तर तसं सांगा, उठून बाहेर जा, बोला, परत या. आठवडाभर त्याच्या फोनबद्दल एक अक्षर बोलू नका. दुसरी चूक म्हणजे भरभरून कबुली. पोरासमोर मन मोकळं करता करता काही वडील धंद्यातला भागीदार, भाऊ, बायकोचं माहेर सगळं बाहेर काढतात. चौदा वर्षांच्या खांद्यावर ते ओझं ठेवायचं नसतं. तुमची चूक तेवढी सांगा, दुसऱ्यांच्या नकोत.

घरात रोजची दारू असेल, मारहाण असेल, किंवा मुलगा खात-झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर हा आदर्शाबिदर्शाचा विषय राहत नाही. अशा वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

एक काम मात्र करून बघा. रविवारी कारखाना बंद असताना त्याला घेऊन जा. साफसफाईचं निमित्त चालेल. बोलता बोलता विचारा, "घरातला कुठला जॉब रिजेक्ट आहे म्हणतोस? एकच सांग." तो पहिल्यांदा 'काय नाही' म्हणेल. थांबा. हातातलं काम सोडू नका, फक्त दुसरा विषय काढू नका. काय सांगेल ते मी सांगू शकत नाही. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा लहान असेल, असा माझा अंदाज. जमण्यासारखं असेल तर करतो म्हणा आणि करा. जमणार नसेल तर तेही तिथंच सांगा, का जमणार नाही ते सांगा. खोटं कबूल करू नका, तो मोजणारच आहे. आणि वाढलेला जॉब परत मशीनला लावता येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पैसे तुम्ही लगेच देऊ शकणार नाही, हे कळतंय. वसुलीवाला दहा तारखेच्या आसपास परत येईल. त्या वेळी मुलगा घरात असेल अशी वेळ ठरवून त्याला फोन करून बोलवा. बेल वाजली की दार तुम्ही उघडा.